सेकंदाला सव्वा नाम

आयटीतल्या माणसाला छंद नसतो, छंदाचं सामान असतं. कुठल्याही सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या घरी जा आणि माळ्यावरची खोकी उतरवून बघा. सगळ्यात वर ड्रोन असेल. तो आयुष्यात एकदाच उडाला आणि शेजारच्या सोसायटीच्या टाकीवर उतरला. त्याखाली गिटार. त्याखाली घरच्या घरी पाव भाजायचं जड बिडाचं भांडं. त्यात आता कांदे-बटाटे राहतात. आणि तळाशी दुर्बीण. या दुर्बिणीला मोटर असते, मोबाइलशी जोडणी असते, आकाशातल्या हजारो वस्तूंची यादी तिच्या पोटात असते. नसतं ते फक्त निरभ्र आकाश. चेन्नईत राहणाऱ्या माणसाने दुर्बीण घेणं हा खगोलशास्त्रापेक्षा आशावादाचा भाग आहे. आमच्याकडे तिच्या तिवईवर सध्या पंचे वाळतात, आणि ते काम ती चोख करते.

मी मूळचा पुण्याचा. पोटापाण्यासाठी चेन्नईच्या ओएमआरवर, म्हणजे जुन्या महाबलीपुरम् रस्त्यावरच्या आयटी पट्ट्यात येऊन पडलो. माझं काम समजावून सांगणं अवघड आहे. घरात कुणालाही ते अजून जमलेलं नाही. पहिल्याने लिहिलेली प्रणाली दुसऱ्याच्या यंत्रावर किती वेगाने चालते आहे, हे तिसऱ्याला दाखवणारे तक्ते मी बनवतो. त्या तक्त्यांवर हिरवे, पिवळे आणि लाल दिवे असतात. हिरवे दिवे कुणी बघत नाही. लाल लागला की रात्री दोन वाजता मला फोन येतो. दिवसभर दुसऱ्यांचं मोजून झालं की संध्याकाळी मी स्वतःचं मोजायला घेतो.

त्यासाठी मनगटावर घड्याळ आहे. ते वेळही सांगतं, पण त्याचा मुख्य व्यवसाय चहाड्या सांगण्याचा. पावलं किती, ठोके किती, झोप किती आणि तीही कशी, गाढ की उथळ, हे सगळं ते नोंदवतं. पूर्वी सकाळी उठल्यावर माणूस अंगाला विचारायचा, झोप झाली का? आता मी घड्याळाला विचारतो. मला ताजंतवानं वाटत असताना ते ‘आज जपून’ म्हणालं, की मी लगेच गळून जातो. छंदांचंही तेच. सायकल घेतली तर वेगाचा आलेख, पुस्तकं वाचायला घेतली तर वर्षाचं उद्दिष्ट, बागकाम सुरू केलं तर कुंडीत ओलावा मोजणारा काटा. कढीपत्त्याचं एक रोप मी एक्सेलच्या तक्त्यासकट वाढवलं. तक्ता अजून आहे.

अशा घरात आमचे सासरे राहायला आले. ते सोलापूरचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ आणि डोक्यात तिसापर्यंतचे पाढे, पावकी-निमकीसकट. सकाळी ते हातात जपमाळ घेऊन बसत. मला ते बघवेना. इतकी मोठी क्रिया रोज घडते आहे आणि तिची कुठेही नोंद नाही! मी त्यांच्या मोबाइलवर नामजपाचं एक ॲप टाकून दिलं. पडद्याला अंगठा टेकवला की एक नाम जमा. ॲप फुकट होतं, त्यामुळे जपाचं स्वरूप साधारण असं झालं: रामकृष्णहरी, रामकृष्णहरी, पाच मिनिटांत पर्सनल लोन, रामकृष्णहरी. जाहिराती नको असतील तर महिन्याचं शुल्क भरून ‘प्रीमियम भक्त’ होता येत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यावर संदेश आला, की तुमची साखळी तुटण्याच्या बेतात आहे, आजचा जप पूर्ण करा.

“जावईबापू, हे कोण विचारतंय?” बाबांनी चष्मा वर करून विचारलं.

“ॲप विचारतंय बाबा.”

“त्याचा स्वतःचा झाला का?”

ॲप काढून टाकलं. मग ते म्हणाले, “मोबाइलवर एक बरी गोष्ट मात्र दिसली. इकडे कुंभकोणम्‌जवळ गोविंदपुरम् म्हणून गाव आहे, तिथे पांडुरंगाचं मोठं देऊळ आहे म्हणे. आमच्यापासून पंढरपूर पाऊणशे किलोमीटर. तिथला देव इकडे काय करतोय ते एकदा बघून येऊ.”

चेन्नईहून कुंभकोणम् साधारण तीनशे किलोमीटर. मॅपमधल्या बाईंचा आवाज मी मराठी ठेवलेला आहे. परमुलखात आपल्या भाषेत कुणीतरी ‘डावीकडे वळा’ म्हणालं की बरं वाटतं. पण तमिळ गावांची नावं आली की बाईंची परीक्षा सुरू होते. विक्रवांडी त्यांनी कशीबशी पार पाडली. सेत्तियातोप्पूला त्या अडखळल्या. तिरुविडैमरुदूर आलं तेव्हा आम्ही गावात शिरून बाहेर पडलो तरी त्यांचं नाव उच्चारणं चालूच होतं. बाबांची पद्धत निराळी. ते काच खाली करून, दिसेल त्या माणसाला हात जोडून ‘गोविंदपुरम्?’ एवढंच विचारत. समोरचा माणूस तमिळमध्ये सविस्तर उत्तर देई, बाबा मराठीत आभार मानत, आणि दोघांचाही हात ज्या दिशेला असे तिकडे मी गाडी घाली. पोचलो ते असेच.

वाटेत कुंभकोणम्‌ला कॉफीसाठी थांबलो. कॉफी हाही माझा एक छंद, म्हणजे सामान, आहे. घरी माझ्याकडे बगळ्याच्या मानेसारख्या तोटीची किटली, पाण्याचं तापमान दाखवणारा काटा आणि ग्रॅमचाही दहावा भाग सांगणारा वजनकाटा आहे. इथल्या माणसाकडे पितळेचा फिल्टर, दुधाचं पातेलं आणि पितळी डबरा-टंबलरची चळत. सकाळी उतरवलेला पहिला दाट अर्क, त्यावर उकळतं दूध, दोन्ही भांडी हातभर अंतरावरून एकमेकांत ओतून फेस. मी न राहवून त्याला विचारलं, अर्काचं आणि दुधाचं प्रमाण काय? त्याने थोडा विचार केला, टंबलर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “कॉफी.” प्यायल्यावर आणखी काही विचारायचं उरलं नाही. पैसे मी मोबाइलने दिले आणि गल्ल्यावरच्या डबीने ते मिळाल्याची द्वाही तमिळमध्ये फिरवली. तंत्रज्ञान त्याच्याकडेही होतं. कॉफीत मात्र त्याने ते पडू दिलं नव्हतं.

गोविंदपुरम् हे आडुतुरैजवळचं, भातखाचरांच्या मधोमध वसलेलं छोटं गाव. इथे दोन ठिकाणं. एक जुनं: बोधेंद्र सरस्वतींचं अधिष्ठान, म्हणजे समाधी. कांची कामकोटी पीठाच्या परंपरेत ते एकोणसाठावे आचार्य. जन्म 1638 चा, समाधी 1692 ची. पीठाधिपती असून त्यांनी नामस्मरण हाच सोपा मार्ग म्हणून लोकांत नेला. तिरुविसैनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ, मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी आणि हे, अशी तिकडच्या नामसंकीर्तनाची त्रिमूर्ती मानली जाते. आणि दुसरं ठिकाण नवं: 2011 मध्ये उभं राहिलेलं विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ. आजूबाजूला सगळीकडे द्राविडी गोपुरं, आणि मध्येच हे आपल्याकडच्या वळणाचं उंच शिखर. बाबा गाडीतून उतरले, शिखराकडे पाहून त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. म्हणाले, “पत्ता बरोबर आहे.”

आत विटेवर तोच उभा. कर कटावर, बाजूला रखुमाई. फरक एवढाच की इथे त्याला लोक तमिळमध्ये गाऱ्हाणी सांगत होते आणि त्याला ती समजत असावीत, कारण चेहऱ्यावर काही फरक नव्हता.

मंडपात भजन सुरू झालं. ही सगळी मंडळी तमिळ. धोतर-उपरणं, कपाळावर भस्म किंवा नाम. पण हातात चिपळ्या, समोर पेटी, मृदंग, आणि अधूनमधून चक्क अभंग. या भजनाला ठरलेली पद्धती आहे. ती मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी, अठराव्या शतकाच्या शेवटी नि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला, घालून दिली असं मानतात. आधी मंगल, मग गुरुध्यान, मग जयदेवाच्या अष्टपद्या, मग एकेका देवाची पदं: संस्कृत, तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी, तमिळ. एकच माणूस एका बैठकीत सहा भाषांतून फिरून येतो आणि कुठेही ‘भाषा निवडा’ असं विचारत नाही. आमच्या कंपनीत दोन भाषांचा पडदा बनवायचा म्हटलं तर आधी तीन समित्या नेमतात.

शेजारच्या गृहस्थांच्या हातातलं पुस्तक मी डोकावून पाहिलं. अभंग मराठी, लिपी तमिळ. आता तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांचंही तेच. मग विठ्ठल लिहायचा कसा? या पुस्तकांनी तोड काढली आहे. अक्षर तेच ठेवायचं आणि त्याच्या डोक्याशी बारीक 2, 3 किंवा 4 चा आकडा द्यायचा. 2 दिसला की ठ, 3 दिसला की ड. संगणक नव्हता, मानक ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था नव्हती. कुणी गरजवंताने युक्ती काढली आणि ती चालते आहे. गृहस्थ त्या आकड्यांवरून नजर फिरवत असे गात होते की उच्चारात कुठे खोट सापडू नये. मी अभंग तोंडपाठ असल्याच्या आविर्भावात नुसते ओठ हलवत होतो.

भजन चढलं. सगळ्यांनी टाळ्या धरल्या, मीही धरल्या. थोड्या वेळाने मनगट थरथरलं. घड्याळ म्हणत होतं, ‘छान! जोरात चालताय!’ मी मांडी घालून बसलो होतो. टाळीगणिक ते एक पाऊल टाकत होतं. मग कुणीतरी माझ्या हातात चिपळ्या दिल्या आणि आमची दौड सुरू झाली. गजराची लय वाढली तसं घड्याळाला मी धावतोय असं वाटू लागलं. आरती व्हायच्या आत दिवसाचं उद्दिष्ट पूर्ण झालं. पडद्यावर रंगीत फटाके उडाले. ज्या माणसाला ओएमआरवर दिवसभर खेटे घालूनही हे साधत नाही, तो पांडुरंगापुढे बसल्या जागी मैलोगणती चालला. वारकऱ्यांना हा हिशेब लागू केला तर वाखरीपर्यंत त्यांची पृथ्वीप्रदक्षिणा व्हायला हरकत नाही.

दर्शन झाल्यावर आम्ही अधिष्ठानाकडे गेलो. तिथे एक वृद्ध गृहस्थ भेटले. ते आम्हाला पाहून मराठीत बोलले. तंजावरकडच्या मराठी कुटुंबातले. इकडे अशांना ‘रायर’ म्हणतात. व्यंकोजीराजे 1670 च्या दशकात तंजावरला आले, तेव्हापासून जी माणसं इथे आली ती इथलीच झाली. त्यांच्या मराठीचा सूर तमिळ होता, बाबांच्या मराठीचा सोलापुरी. दोघांचं उत्तम जमलं. अधूनमधून मलाच दुभाष्या लागत होता.

त्यांनी सांगितलं, परंपरा अशी आहे की बोधेंद्र स्वामी रोज एक लाख आठ हजार वेळा रामनाम घेत. बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं भक्तीने मिटले. पण ओठ हलत होते ते आकड्यांनी.

“दिवसाचे सेकंद शहाऐंशी हजार चारशे,” बाबा म्हणाले. “म्हणजे सेकंदाला सव्वा नाम. झोप, जेवण, आंघोळ काही न धरता.”

मी गप्प झालो. चोवीस तास, सेकंदाला सव्वा, एकदाही बंद न पडता: आमच्या कंपनीने असलं काही ग्राहकाला कबूल केलं तर आम्ही तिघे कामावर ठेवू, चौथा त्यांच्यावर लक्ष ठेवायला, आणि तक्ता मी करीन. त्या गृहस्थांनी पुढची कथा सांगितली. स्वामींची समाधी नदीच्या पात्रात वाळूखाली गेली आणि जागा कुणाला सापडेना. पुढे मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी त्या वाळूतून शोध घेत फिरले, आणि एका जागी त्यांना खालून रामनाम ऐकू आलं. मग तंजावरच्या भोसले राजाच्या मदतीने नदीचा ओघ वळवून अधिष्ठान बांधलं गेलं. कथा म्हणून ऐका किंवा श्रद्धेने ऐका. माझ्या धंद्यात मात्र शंभर वर्षं वाळूखाली राहून हाकेला उत्तर देणारी यंत्रणा मी अजून पाहिलेली नाही.

पण मला कोडं पडलं ते वेगळंच. मी मनाशी एक निष्कर्ष तयार करत आणला होता: जुने लोक कधी मोजत बसले नाहीत म्हणून सुखी होते, आपण मोजतो म्हणून दुःखी. छान वाक्य होतं. मित्रांच्या ग्रुपवर टाकण्याजोगं. आणि इथे एक संन्यासी रोजचा आकडा ठरवून बसलेला! मोजणं वाईट म्हणावं तर ते या प्रदेशात पावलोपावली निघालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वामिमलैला गेलो. कावेरीकाठच्या या गावात स्थपती पंचधातूच्या मूर्ती ओततात. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचं लिंपण, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस. तिथे एक कारागीर नारळाच्या झावळीची पट्टी घेऊन बसला होता. मूर्तीच्या उंचीएवढी पट्टी कापायची आणि तिला घड्या घालत जायचं. एक घडी म्हणजे चेहरा, त्याचा अमुक भाग म्हणजे नाक, तमुक म्हणजे बोट. शिल्पशास्त्रातलं सगळं प्रमाण त्या पट्टीत. बॅटरी नको, पासवर्ड नको, अपडेट नको. वाळली की दुसरी कापायची. तोही माणूस दिवसभर मोजतच होता. पण आज आपण किती मूर्ती केल्या, कालच्यापेक्षा किती टक्के जास्त, हे त्याच्या पट्टीवर नव्हतं. पट्टीवर फक्त मूर्ती होती.

संध्याकाळी कुंभकोणम्‌ला सारंगपाणी संनिधी रस्त्यावर आलो. तिथे श्रीनिवास रामानुजन यांचं छोटंसं घर आहे. ओटा, एक खोली, खिडकीशी पलंग. हा मुलगा इथल्या टाउन हायस्कुलात पहिला येत गेला, शिष्यवृत्ती मिळवून इथल्याच सरकारी कॉलेजात गेला आणि गणित सोडून दुसऱ्या कशाकडे न पाहिल्यामुळे ती गमावून बसला. कागद महाग, म्हणून पाटीवर आकडेमोड, आणि पाटी पुसायला स्वतःचं कोपर. 1 मार्च 1912 रोजी तो मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपये महिन्यावर हिशेबाचा कारकून म्हणून लागला. म्हणजे नोकरी जमाखर्चाची आणि छंद गणिताचा. त्याचे वरिष्ठ नारायण अय्यर हे स्वतः गणिती. कचेरी सुटल्यावर दोघे पाट्या घेऊन बसत. आज हा प्रकार एचआरच्या कानावर गेला तर ‘कार्यालयीन वेळेबाहेरील हितसंबंध’ म्हणून दोघांकडून खुलासा मागवतील आणि पाट्या कंपनीच्या मालकीच्या आहेत का ते तपासतील. बाबा त्या घरात बराच वेळ उभे होते. चाळीस मुलांच्या वर्गात आयुष्य काढलेला गणिताचा मास्तर तिथे काय पाहत होता, ते मी विचारलं नाही.

याच कुंभकोणम्‌ला 1828 मध्ये एका मराठी कुटुंबात टी. माधवराव जन्मले. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले, ‘सर’ झाले. पण मद्रासला शिकत असताना त्यांना पॉवेल नावाच्या प्राध्यापकाने आकाशाचा नाद लावला होता, आणि या पोराने फेरीवाल्यांकडून भिंगं घेऊन, बांबूच्या नळीत बसवून दुर्बीण नि सूक्ष्मदर्शक बनवल्याचं सांगतात. बांबू! माझ्या दुर्बिणीच्या खोक्यावर कार्बन फायबर लिहिलेलं आहे. आमच्या दोघांत फरक इतकाच, की माधवरावांनी आपल्या दुर्बिणीतून आकाश पाहिलं.

आणि मग तंजावर. तिथे या सगळ्या छंदिष्टांचे सम्राट बसले आहेत: दुसरे सरफोजीराजे. 1798 मध्ये ते गादीवर आले आणि 1799 च्या तहाने कंपनी सरकारने त्यांचा कारभार काढून घेतला. हाती किल्ला, ठरलेली तैनात आणि भरपूर वेळ. आमच्याकडे अशा अवस्थेला ‘बेंचवर असणं’ म्हणतात, आणि त्यात माणसं झुरतात. राजांनी काय केलं? किल्ल्यात देवनागरी छापखाना घातला. 1806 साली त्यातून इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक, ‘बालबोध मुक्तावली’, छापून निघालं. धन्वंतरी महालात औषधं बनवली. डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवले आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या. आजार, उपचार आणि सोबत त्या डोळ्याचं रंगीत चित्र. स्वयंपाकावर ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ लिहवून घेतलं. काशीयात्रेला गेले ते पुस्तकं गोळा करत. सरस्वती महाल ग्रंथालयातली त्यांची युरोपीय पुस्तकं पाहिली, तर आत त्यांची इंग्रजी सही सापडते. माझ्या मोबाइलमध्येही शेकडो पुस्तकं आहेत. त्यांवर सही करायची तर पडदा फोडावा लागेल.

शिवाय 1803 मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास बृहदीश्वराच्या देवळात दगडावर कोरवला, मराठीत, देवनागरीत. भिंतच्या भिंत भरली आहे. मी तिच्यासमोर उभा राहून व्यावसायिक आदराने हात जोडले. सव्वादोनशे वर्षं झाली, बॅकअप शाबूत आहे. मासिक भाडं नाही, ‘जागा संपत आली आहे’ असा इशारा नाही, कंपनी बुडाली तर काय ही चिंता नाही. कंपनी बुडालीही, भिंत उभी आहे.

परतीच्या वाटेवर मी बाबांना म्हटलं, “ही सगळी माणसं मोजणारीच होती की हो. जपाचा आकडा, मूर्तीचं प्रमाण, रामानुजनची तर दुनियाच आकड्यांची, राजांच्या नोंदवह्या. मग मी मोजतो त्यात वाईट काय?”

बाबा खिडकीतून भाताच्या शेतांकडे पाहत होते. म्हणाले, “वाईट काही नाही. वर्गात दोन प्रकारची पोरं असायची. एकाला गणित कसं सुटलं ते सांगायचं असायचं, दुसऱ्याला मार्क किती पडले ते. पाटी दोघांकडे सारखीच.” मग थोडं थांबून, “दुसरा प्रकार पुढे नोकरीत चांगला लागतो,” असं म्हणून त्यांनी मला सांभाळून घेतलं.

मास्तरांचा निकाल मला मान्य आहे. राजांनी रोग्याचा डोळा मोजला, स्थपतीने मूर्ती, रामानुजनने संख्या. बोधेंद्रांनी तर मोजून झालेलं रोज देवाच्या हवाली केलं. स्वतःची प्रगती यांच्यापैकी कुणी मोजत बसल्याचं ऐकिवात नाही. आपण सायकल काढतो आणि मोजतो स्वतःला. पुस्तक उघडतो आणि मोजतो स्वतःला. झोपतो, तेव्हाही परीक्षा चालूच. छंद म्हणजे ज्यात काही काळ स्वतःचा विसर पडतो ती गोष्ट, आणि विसर पडू द्यायचा नाही हेच तर मनगटावरच्या यंत्राचं काम. दोघांचं पटणार कसं? तेव्हा छंदाचं सामान अवश्य घ्यावं, पण निदान एक उद्योग असा ठेवावा की ज्याचा आलेख निघत नाही, जो कुणाला दाखवता येत नाही, आणि ज्यात आपण गेल्या वर्षीपेक्षा सुधारलो की नाही हे आपल्यालाही ठाऊक नसतं. बेसूर गाणं हा त्यासाठी उत्तम. त्याला सामानही लागत नाही.

गोविंदपुरम्‌ला जायचं असेल तर कुंभकोणम्‌पर्यंत रेल्वे आहे. 2028 मध्ये तिथे बारा वर्षांनी येणारा महामहम् भरेल, तेव्हा गर्दी टाळायची तर त्याआधी जाऊन या. भजनाला बसा, टाळी धरा. घड्याळ हातातून काढायची गरज नाही. डॉक्टरांना दाखवायला आकडे फार चांगले मिळतात.